राईत कोयता नेत नाहीत

धसईच्या बाजारातून डोंगराकडे चालू लागलं की बऱ्याच वेळाने आमचा पाडा लागायचा. मी तेव्हा सातआठ वर्षांची असेन. त्या उन्हाळ्यात पाड्यात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. ओढा आटून एकच डोह उरला होता आणि सगळा पाडा त्याचंच पाणी पीत होता. हे कारण मला फार पुढे, कॉलेजात शिकताना कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की सकाळी अंगणात खेळणारं पोर दिवस मावळायच्या आत थंड पडत होतं.

माझ्या काकाची मुलगी गेली, पाठोपाठ मुलगा गेला. काकी स्वतः अंथरुणाला खिळली होती आणि बाबा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते, म्हणून दोन्ही घरांचं आईच करत होती. त्या मुलाला शेवटची पेज तिनेच पाजली.

मुलाला पुरून माणसं थेट भगताकडे गेली. देवाचा कोप कशाने झाला, कोणी करणी केली, हे तो सुपात तांदळाचे दाणे टाकून सांगायचा. त्याने आईचं नाव घेतलं नाही. शेवटचा घास ज्या हातचा होता तो हात बघा, इतकंच तो म्हणाला.

आई दारात भात कांडत होती. काका सगळ्यांच्या पुढे होता आणि रडत होता. तो धीर मागायला आलाय असं वाटून आईने मुसळ खाली ठेवलं आणि ती त्याच्याकडे गेली. त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड उखळाच्या काठावर आपटलं. मग बाकीचे तुटून पडले. कोणी लाथ घातली, कोणी काठी. तिला ओढ्याकडे नेऊन तोडायची असं ते आपसात बोलत होते, जणू लाकूड तोडायचं होतं. मी काकाच्या हाताला कडकडून चावले. तो कळवळला तेवढ्यात आई सुटली, तिने मला काखोटीला मारलं आणि ती धावत सुटली गावदेवीच्या राईकडे.

राई म्हणजे देवीचं राखलेलं रान. तिच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे होते. पुरुष तिथे थांबून कमरेच्या आकडीतला कोयता काढायचे, धोंड्यापाशी ठेवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. आत झाड तोडायचं नाही, डहाळी मोडायची नाही, खाली पडलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. आमच्याकडे हा नेम कोणी कोणाला शिकवत नसे. तो अंगातच असे.

मागून दगड येत होते. एक तिच्या कानामागे लागला आणि माझ्या मानेवर तिचं गरम रक्त ओघळलं. तिने देवीच्या शेंदरी दगडाला मिठी मारली आणि मला पोटाखाली घेतलं. मग मला राईच्या तोंडाशी लोखंडाचा आवाज ऐकू आला. एकेक जण कोयता काढून खाली ठेवत होता. जीव घ्यायला आले होते, पण नेम मोडला नाही.

रिकाम्या हातांनी ते आत शिरले. तिला राईबाहेर काढायचं आणि मग मारायचं, असा त्यांचा बेत होता. ते तिच्या बरगड्यांत लाथा घालत होते, दगडावरची तिची बोटं एकेक करून उपटत होते. दोन बोटं मोडली, तो आवाज माझ्या कानाशी झाला. ती एकच बोलत राहिली, "आये, तुजी लेक हाय मी."

"देवी काय तुज्या माहेरची हाय का गो?" कोणीतरी म्हणालं आणि एकदोघे हसलेसुद्धा.

ती हलत नाही हे बघून काकाचं भान गेलं. त्याने डोक्यावरची फांदी धरली, कडाकड मोडली आणि तिच्या पाठीवर हाणली. पुन्हा हाणली. मग एकदम लाथा थांबल्या. सगळे वर बघत होते. जिथून फांदी तुटली तिथून चीक गळत होता.

"काय केलास रे तू?" एक म्हातारा हळूच म्हणाला.

प्रत्येकाच्या घरात अजून एखादं पोर जिवंत होतं. देवी आता त्यालाही नेणार, या भीतीने ते सगळे काकावर धावले. आईला मारणारे तेच हात, त्याच लाथा. त्याचे दात माझ्यासमोर मातीत पडले. माझी पोरं गेली, माझी पोरं गेली, असं तो म्हणत होता आणि ते मारत होते. तो सरपटत दगडापाशी आला.

"वयनी, सरक गो थोडी."

मी आईच्या खाली होते. तिने त्याला लाथेने ढकलावं असं मला मनापासून वाटत होतं. पण तिचं अंग हललं. दगड न सोडता तिने मला एका बाजूला घेतलं आणि ती सरकली. काकाने दुसऱ्या बाजूने दगडाला मिठी मारली.

माणसं पुढे आली, पण दोघांना हात लावायला कोणी धजेना. एक चूक होऊन गेली होती, दुसरी कोणालाच नको होती. तोच म्हातारा मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "दोगं तिच्या पदराखाली गेली. आता हात नाय लावायचा." ते बाहेर गेले. कोयते उचलून बराच वेळ धोंड्यांपाशी बसले आणि मग पांगले.

बाबा निरोप मिळताच आले आणि आम्हाला शहापूरकडे घेऊन गेले. तिथे मी शाळेत गेले, वसतिगृहात राहिले, आमच्या घराण्यात पहिली पदवी घेतली. पटकी पाण्यातून येते हे मी शिकले आणि ते खरं आहे. पण पाड्यातला एकही माणूस आईच्या बाजूने उभा नव्हता, तेव्हा तिला धरायला देवी होती, हेही तितकंच खरं आहे. मी आज आहे ती त्यामुळे आहे. संकटात मी अजून देवीलाच हाक मारते.

आईची ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. पदवी घेऊन घरी आले तेव्हा ती वाकड्या बोटांनी नाचणी पाखडत होती. इतकी वर्षं मनात असलेलं मी विचारलं, ज्याने तुला मारलं त्याला तू जागा का दिलीस?

"जागा मी कुटं दिली?" ती म्हणाली. "ती देवीची व्हती. मी नुसती सरकले."