चंदर कोणाशेजारी जेवतो?

चंदर जेवायला बसला आणि कळवणच्या बाजारात हशा पिकला.

मला वाटलं, निवृत्तीने काहीतरी तोंड वेडंवाकडं केलं असेल. निवृत्ती म्हणजे चंदरची भूमिका करणारा आमचा नट. पण तो बिचारा शहाण्यासारखा भाकरी मोडत होता. शेजारी भाऊ, समोर वहिनी, मांडीला मांडी लावून पुतणी. नंतर पाचच मिनिटांनी चंदरने क्षयाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. नाटकातला हा माझा सगळ्यात गंभीर प्रसंग. तेवढ्यात पुढच्या तीन-चार रांगा उठल्या आणि मिरच्या घ्यायला गेल्या.

आमच्या खात्याचे साहेब नेमके त्याच दिवशी प्रयोग बघायला आले होते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी सरकारी कलापथकाचा लेखक होतो. कलापथक म्हणजे सहा-सात कलावंत, ढोलकी, पेटी आणि एक रडतखडत चालणारी जीप. बाजाराच्या दिवशी गावोगाव जायचं, पाऊण तासाचं नाटुकलं करायचं आणि त्यातून लोकांना सरकारचा निरोप सांगायचा. कधी विहिरीत औषध टाका, कधी मुलींना शाळेत घाला. यावेळी निरोप होता, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नका. तेव्हा त्या वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागत. दोन-चार महिन्यांत खोकला थांबला की लोक गोळ्या बंद करत आणि दुखणं पुन्हा उलटे.

"गांगुर्डे," साहेब म्हणाले, "तुमचा हिरो मरायला टेकलाय आणि लोक मिरच्या घेतायत."

"सर, बाजाराचा दिवस आहे."

"बाजाराचा दिवस आपणच निवडतो ना? पंधरा दिवसांनी सुरगाण्याला प्रयोग आहे. स्क्रिप्ट नवं पाहिजे. नाहीतर लेखकाची पोस्ट कशाला हवी, असं वरून विचारतायतच. तुम्ही परत आपले केसपेपरच्या खिडकीत."

ही धमकी मला बरोबर लागली. कारण नोकरीची पहिली नऊ वर्षं मी एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर लिहीत काढली होती. नाव, वय, गाव, तक्रार, किती दिवसांपासून. ती सवय लेखक झाल्यावरही सुटली नाही. नाटकातल्या प्रत्येक माणसाचा मी आधी केसपेपर काढायचो. पुढच्या बाजूला दवाखान्याचे प्रश्न, मागे माझे. पहिली चप्पल कोणत्या पायात घालतो? बैलाला काय म्हणून हाक मारतो? खोटं बोलताना कुठे बघतो? चाळीसेक प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी संवादाची एक ओळ लिहीत नसे. पथकातले लोक हसायचे. "गांगुर्डे भाऊ मेलेल्या माणसाचीबी नाडी बघतील," निवृत्ती म्हणायचा. मला या पद्धतीचा अभिमान होता, थोडा जास्तच होता.

चंदरचा केसपेपर काढून मी पुन्हा वाचला. सगळं भरलेलं. मग हा माणूस खोटा का वाटला? आणि तो गोळ्या का फेकतो, यापुढे मी लिहिलं होतं, 'अज्ञान'. सरकारी कागदावर हा शब्द फार सोयीचा असतो. माणूस कळला नाही की तो लिहायचा.

दुसऱ्या दिवशी मी सुरगाण्याची एसटी धरली. तिथल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी सोमा पवार भेटला. पन्नाशीचा, हाडं मोजून घ्यावीत असा. महिन्याच्या गोळ्या घ्यायला दोन डोंगर ओलांडून यायचा. गोळ्यांची पुडी तंबाखूच्या डब्यात ठेवायचा, म्हणजे वाटेत कोणी विचारलं तर तंबाखू.

मी त्याला चहा पाजला आणि माझे प्रश्न सुरू केले. तो मजेत उत्तरं देत होता. बैलाचं नाव हरण्या. चप्पल आधी डावी, कारण उजवीचा अंगठा तुटलेला. मग मी माझा कळवणचा फजितवाडा त्याला सांगितला. चंदर भावाशेजारी जेवायला बसला आणि लोक हसले म्हणालो. सोमाही हसला.

"हसतीलच की सायेब. खोकल्याचा माणूस घरच्यांशेजारी बसतो व्हय?"

"मग कुठे बसतो?"

"पडवीत. ताट येगळं, तांब्या येगळा. भाकर वरून टाकायची."

"तुम्हालाही?"

"तर. पाच वर्सं झाली." बराच वेळ तो डब्याचं झाकण उघडत-लावत राहिला. मग आपणहून म्हणाला, "मधी मी गोळ्या सोडल्या व्हत्या. लेकीचं लगीन व्हतं. गोळी चालू हाय तोवर माणूस दुखणाईत. गोळी बंद, म्हंजी बरा झाला. सगळ्यांना सांगितलं, बरा झालो. पंगतीत बसलो. जावयाच्या शेजारी."

"मग?"

"मग काय. दिवाळीला रगत पडलं. परत पडवी."

मी लिहिणं थांबवलं. सोमाला गोळ्यांचं सगळं ठाऊक होतं, डॉक्टरांनी त्याला दहादा सांगितलं होतं. तरी एका पंगतीसाठी त्याने त्या सोडल्या होत्या.

"सायेब, मला येक सांगा," सोमा म्हणाला. "तुमी कोणाशेजारी जेवता?"

चाळीस प्रश्न विचारणाऱ्या माणसाला एक प्रश्न आला आणि उत्तर सापडेना. आई गेल्यापासून मी पंचवटीतल्या एका खोलीत राहत होतो. लग्न जमता जमता राहून गेलं होतं. रविवार कारंजा चौकातल्या खानावळीत दोन वेळा जेवायचो. तिथे मोठं लांब टेबल होतं, पण मी कोपऱ्यातलं एकट्याचं टेबल धरायचो, भिंतीकडे तोंड करून. मला कोणी पडवीत बसवलं नव्हतं. मी माझा मीच बसलो होतो.

"मी एकटाच जेवतो," मी म्हणालो.

"तुमाला बी खोकला?" सोमाने मनापासून विचारलं.

नाशिकला परतल्यावर मी पत्र्याची ट्रंक उघडली. आठ वर्षांतल्या नाटकांचे केसपेपर त्यात होते. एकेक तपासला. कोणाला कसली भाजी आवडते, हे होतं. कोणाचे कोणते दात पडले, हेही होतं. पण कोण कोणाशेजारी जेवतो, हा प्रश्न एकाही कागदावर नव्हता. जे माझ्या आयुष्यात नव्हतं, ते मी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या कागदांमध्ये बसून मला रडू आलं. सांगायला लाज वाटते, पण आलं.

मग सुरगाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, ताट वेगळं ठेवून काही साधत नाही, हा आजार ताटातून पसरत नाही. नियमित गोळ्या चालू राहिल्या की बहुतेकांपासून दुसऱ्याला धोकाही उरत नाही. आम्ही तपासून सांगतो, मग खुशाल शेजारी बसावं. "हे तुम्ही घरच्यांना सांगता का?" मी विचारलं. "घरचे येतात कुठे?" ते म्हणाले.

नवं स्क्रिप्ट वाचून साहेबांनी चष्मा काढला.

"विषय गोळ्यांचा आहे. तुम्ही जेवणाचं काय लिहून ठेवलंय?"

"सर, तो जेवणासाठीच गोळ्या सोडतो."

"आणि शेवटी वहिनी त्याला घरात बोलावते. यात सरकारचा निरोप कुठे आहे?"

"निरोप वहिनीला आहे, सर. आपण इतके दिवस चुकीच्या माणसाला सांगत होतो."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "पडलं तर खिडकी तयार आहे."

सुरगाण्याच्या बाजारात दुपारी प्रयोग लागला. निवृत्ती एका कडेला पाठमोरा बसला. वहिनीने त्याच्या ताटात वरून भाकरी टाकली. कोणी हसलं नाही. चंदरने गोळ्या फेकल्या, तेव्हा एक बाई मोठ्यांदा "नको रं" म्हणाली. मिरचीवालीसुद्धा पाटी सोडून पुढे आली होती. प्रयोग संपल्यावर नऊवारीतली एक बाई प्रयोगाला आलेल्या डॉक्टरांसमोर थेट उभी राहिली. "खरंच शेजारी बसवलं तर चालंल?" त्यांनी मागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याकडे बघून विचारलं, "गोळ्या चालू आहेत का?" नवरा सोमा पवार होता. त्याने तंबाखूचा डबा चारचौघांत उघडून दाखवला.

माझी पोस्ट राहिली. पुढे आठ-नऊ वर्षं मी त्याच खुर्चीत लिहिलं. सोमा आत बसायला लागला की नाही, हे मला लगेच कळलं नाही. तीन-चार महिन्यांनी त्याच्या गावावरून जाताना मी मुद्दाम जीप थांबवली. जेवायची वेळ होती. सोमाची बायको म्हणाली, "हात धुवा." आत तीन ताटं मांडलेली होती. मधल्यावर सोमा बसला आणि शेजारच्या जागेवर त्याने हात थोपटला.

नवशिके लेखक विचारतात, पात्र ओळखायचं कसं? मी सांगतो, चाळीस प्रश्न काढा, पण आधी ते स्वतःला विचारून बघा. ज्याचं उत्तर देववत नाही, तो प्रश्न पात्राला हमखास विचारायचा राहिलेला असतो.

सोमाकडून परतल्यावर मी खानावळीत गेलो आणि ताट उचलून लांब टेबलावर नेलं. रविवार होता. सगळे आपापल्या गावी गेले होते, टेबलावर कोणीच नव्हतं. तरी मी तिथेच बसलो, आणि शेजारची खुर्ची जरा ओढून ठेवली.