अर्धा बंद केलेला कॉक

बायको गेली त्या उन्हाळ्यात गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. बायपासपलीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि जायकवाडीचं पाणी आटत चाललं होतं. नळ आला की घरोघरी मोटारी सुरू होत. पाणी गेलं की पहिलं काम म्हणजे कॉक फिरवून नळ बंद करणं, नाहीतर शेजारची मोटार आपल्या पाइपातलं उरलंसुरलंही ओढून नेते, असं आम्ही सगळेच मानत होतो. शेजाऱ्याशी बोलताना प्रत्येकाचा एक कान त्याच्या मोटारीकडे असे.

बायको अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करी. ती गेल्यावर मी त्या खोलीतलं काही हलवलं नाही, कॉम्प्युटरही बंद केला नाही. तिचा आवाज आता तेवढ्या एका यंत्रात होता. मी तो ऐकत नव्हतो, ऐकवतच नव्हता. पण तो तिथे आहे एवढं पुरत होतं.

एका दुपारी तिच्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसलो होतो. कॉम्प्युटरला हातही लावला नव्हता, तरी इंटरनेटच्या डबीवरचा दिवा भराभर उघडझाप करत होता. दुसऱ्या दिवशीही तेच. काहीतरी बाहेर जात होतं.

पहिला संशय वरच्या भाडेकरूवर आला. तो वाळूजला कारखान्यात होता, आणि बायकोनं त्याला वायफायचा पासवर्ड दिलेला होता. जिन्यात गाठून मी विचारलं.

"काका, मी शिफ्टवरनं येतो आन् आडवा होतो," तो हसत म्हणाला. "तुमच्या नेटवर डल्ला मारायला जागं तर राहावं लागंल ना!"

हसण्यावर माझा विश्वास बसला नाही. पासवर्ड बदलला. दिवा लुकलुकतच राहिला.

मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. त्याच्या सांगण्यावरून एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला. यंत्रातलं काय किती वेगानं आत येतं आणि बाहेर जातं ते त्यात दिसे, आणि प्रत्येकाचा वेग बांधून देता येई. यादीत एक अनोळखी नाव होतं. बाहेर जाणारं सगळं त्याच्याच नावावर.

"उडवून टाका की साहेब," दुरुस्तीवाला म्हणाला.

पण ते तिनं बसवलेलं असलं तर? उडवताना तिचे आवाजही गेले तर? मी ते उडवलं नाही, वेग बांधला. बाहेर जायला इतकी बारीक वाट ठेवली की नेणारा कंटाळून जावा. कॉक अर्धा फिरवल्यासारखंच वाटलं. रोज चहा घेऊन तो आकडा बघत बसू लागलो. कोणीतरी पलीकडून ओढत होतं, आणि त्याला थेंब थेंब मिळत होतं. याचं मला बरं वाटे.

काही दिवसांनी घरच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला.

"सर, मी कन्नड तालुक्यातून बोलते. मॅडमची विद्यार्थिनी. मॅडम बऱ्या आहेत ना?"

"का?"

"हल्ली वाचताना लई थांबतात. एक वाक्य झालं की गप्प. मग बऱ्याच वेळानं पुढचं. आम्हाला वाटलं, दम लागतो की काय."

"कुठं ऐकता तुम्ही?" माझा आवाज कोरडाच होता. कोणीही असं सांगेल, असं मनात आलं.

"मोबाइलवर. मॅडमनं लिंक दिली होती ना. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून लागतं, लाइट गेली तर थांबायचं, म्हणाल्या होत्या."

"खरंच त्यांचाच आवाज आहे कशावरून?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "धड्याच्या आधी म्हणतात ना सर, 'थांबा, पंखा बंद करते, नाहीतर माझ्याऐवजी तोच शिकवेल.'"

हे वाक्य मी बंद दाराबाहेरून कितीदा ऐकलं होतं.

"मॅडम नाहीत आता," मी म्हणालो. "मार्चमध्ये गेल्या."

पलीकडे तिनं कुणाला तरी ते सांगितल्याचं ऐकू आलं, हलक्या आवाजात. ती एकटी नव्हती.

"सर, परीक्षा जवळ आलीय," ती शेवटी म्हणाली. "ते बंद नका करू."

"किती जणी आहात?" मी विचारलं, आणि विचारताना माझ्या स्वरातला पहारेकरी मलाच ऐकू आला. उत्तराची वाट न बघता म्हणालो, "फोन चालू ठेवा. आणि तिकडे धडा लावा."

आत जाऊन त्या नावापुढची मर्यादा काढली. बाहेर जाणारा आकडा चढू लागला. परत येऊन रिसीव्हर कानाला लावला. दूर कुठेतरी, मोबाइलच्या बारीक आवाजात, बायको इतिहासाचा धडा वाचत होती, न थांबता.