हात मायचे, तोंड सुनेचं

"हात मस्त आले. तोंड काढून टाक."

बापूसाहेबांच्या मुलाने हे बोलता बोलता माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाला भज्याचं तेल होतं. ते माझ्या मायच्या कपाळावर लागलं. फोटोतल्या मायच्या. खरी माय तिथून हाकेच्या अंतरावर, त्यांच्याच खळ्यात, बायांच्या घोळक्यात हळकुंडं मोडत बसली होती.

मी ओसरीवर पोत्यावर बसले होते. बाजूला प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, रिकाम्या. मला कोणी खाली बस असं म्हणालं नव्हतं. नुसतं पोतं पुढे सरकवलं होतं. एवढ्याने समजतं आम्हाला. लहानपणापासून समजतं.

"कोणाचं तोंड?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

"हिचं. अन् आपल्या सूनबाईचं लाव थ्या जागी. तुले त येते ना थे सारं."

येत होतं. तोच तर माझा धंदा.

मी डिझायनर आहे. वेबसाइट बनवते, लोगो बनवते, पत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या, जे येईल ते. मंगरूळपीरला कॉम्प्युटरचा कोर्स केला, मग तिथल्याच एका फ्लेक्सच्या दुकानात राबले, मग जुना लॅपटॉप घेऊन घरूनच सुरू केलं. व्हिजिटिंग कार्डावर मी 'फ्रीलान्स डिझायनर' छापलं आहे. गावात मला फ्लेक्सवाली म्हणतात. पुण्याकडची काही कामं फोनवर येतात, ती माणसं मला मॅडम म्हणतात. त्यांनी मला पाहिलेलं नाही. माझी वस्ती नाल्याच्या पलीकडे आहे हे त्यांना ठाऊक नाही. फोनवर मी बरीच मोठी बाई असते. फोन ठेवला की पोतं.

माझ्या धंद्यात एक काम सारखं येतं. आमच्या लोकांत माणूस मेला की घरच्यांना भिंतीवर लावायला त्याचा फोटो पाहिजे असतो. आणि फोटो नसतो. असलाच तर कुठल्या तरी सरकारी कार्डावरचा, नखाएवढा, घाबरलेला. मग मी ते तोंड कापते, मोठं करते आणि तयार कोटावर बसवते. कोट, टाय, मागे निळा पडदा. बाईमाणूस असेल तर जरीची साडी. हे कोट माझ्याकडे साठवलेले आहेत. त्याच एका कोटात मी आमच्या वस्तीतली कितीतरी माणसं बसवली. जिवंतपणी ज्याला धड सदरा नव्हता, तो मेल्यावर साहेब होतो. लोकांना बरं वाटतं. मलाही ते पुण्यकर्म वाटायचं.

माझा बाप वीटभट्टीवर गेला. तिकडेच मेला, परत आलाच नाही. त्यालाही मी कोट घातला होता. माझ्या हातचं पहिलं काम ते. फ्रेम करून आणली, मायसमोर धरली. तिने खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे कोन व्हय वं?"

मी म्हटलं, बाबा. तिने मान हलवली, फ्रेम भिंतीला लावली, हार घातला. पण त्या फ्रेमशी बोलताना मी तिला कधी पाहिलं नाही. तेव्हा मला हे लागलं नव्हतं. अडाणी बाई, तिला डिझाइन काय कळतं, असं वाटून मी सोडून दिलं होतं.

बापूसाहेबांचं काम मोठं होतं. मोठी शेती, घरची हळद, आता ती पुड्यांत भरून थेट गिऱ्हाइकाला विकायची. त्यासाठी वेबसाइट, पुडीचं डिझाइन, शेलूबाजारच्या फाट्यावर मोठा फ्लेक्स. 'आमच्या सुनेच्या हातची हळद' असं त्यांनीच ठरवलं होतं. असं काम आमच्या भागात रोज निघत नाही. मी आठवडाभर हवेत होते. मायसुद्धा. खळ्यात बायांना सांगत होती, "पोरगी साइट बनवून राह्यली बापूसायबाची."

फोटोही मीच काढले. आधी सूनबाईचे. ती या मुलाचीच बायको, शहरातून लग्न होऊन आलेली. बाई वाईट नव्हती, माझ्याशी नीट बोलली. तिने नऊवारी नेसली, टोपलं कमरेला लावलं. पण हात हळदीत घातले की फोटो खोटा दिसायचा. नखं रंगवलेली, तळवे मऊ. नवऱ्यालाच पटेना. "हे हात हळदीतले नाई वाटत," तो म्हणाला.

मग मी खळ्यात गेले. सहज. काम चालू असतानाचे चार फोटो घ्यावे म्हणून. ऊन तिरपं झालं होतं. माय ओंजळीत हळकुंडं घेऊन पाखडायला उठत होती. मी हाक मारली, "माय, इकडं पाह्य." तिने पाहिलं आणि हसली.

माझ्या मायचा हसतानाचा फोटो तोवर नव्हता. एकही नाही. कार्डावर आहे त्यात ती पोलिसाने धरल्यासारखी दिसते. आणि इथे डोळे बारीक झालेले, पुढचा पडलेला दात दिसतोय, ओंजळ पुढे केलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. उसाच्या कोयत्याने वाकडी झालेली करंगळीसुद्धा. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो. मला राहवलं नाही. तिथल्या तिथे बापूसाहेबांच्या मुलाला मोबाईलवर पाठवून दिला. पूर्ण साइजचा, जसाच्या तसा. कोणताही शहाणा डिझायनर असं करत नाही. आधी छोटा, पुसट नमुना पाठवतात, काम पक्कं झालं की मोठा. मला वाटलं, आपलाच माणूस, आपल्याच गावचा. आणि खरं सांगायचं तर मला माझी माय मिरवायची होती.

तोच फोटो आता माझ्या मांडीवर होता आणि त्यावर भज्याचं तेल होतं.

"काकू किती छान हसल्यात," सूनबाई मागून म्हणाली. "राहू द्या ना तसाच."

"ही मजूर हाय," बापूसाहेब खुर्चीतून म्हणाले. "मजुराच्या हातची हळद कोन घेईन? पुडीवर घरची लक्ष्मी पाह्यजे." मग माझ्याकडे वळून, "अन् पोरी, गळ्यात मंगळसूत्र दिसू दे. हातात हिरव्या बांगड्या भर. असा भुंडा हात बरा नाई दिसत."

सूनबाई आत निघून गेली.

मी खळ्याकडे पाहिलं. बायांचे हात थांबले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. मायनेही. ती उठली नाही, वर पाहिलं नाही. तिथूनच म्हणाली, "करून दे बाई ते म्हनतात तसं. माह्या तोंडाचं काय काम हाय?"

मला ओरडावंसं वाटलं. ओरडता आलं नाही. मायचं रोजचं काम त्यांच्या खळ्यात. आमच्या वस्तीची वाट त्यांच्या शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून. अजून तालुक्यातली बरीच कामं त्यांच्या मुलाच्या ओळखीने येणार होती. ओढणीने स्क्रीन पुसली, लॅपटॉप बंद केला. म्हटलं, "उद्या देते."

आणि घरी येऊन मी केलं.

दुपारभर बसले. आधी तोंड कापलं. केसांच्या कडेने, कानामागून, हळूहळू, कारण मी चांगलं काम करते. मग सूनबाईचं तोंड आणून बसवलं. अशा कामात सगळं अवघड गळ्यापाशी असतं. खालची कातडी काळी, वरचं तोंड गोरं. मी मायचा गळा उजळ करत गेले. गळ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या. मंगळसूत्र घातलं. मग हात. हातांचा रंग तसाच ठेवायचा होता, त्यांना तेच तर पाहिजे होते. तयार बांगड्यांतल्या हिरव्या निवडल्या आणि एकेक करून तिच्या मनगटात भरल्या. बाबा गेला तेव्हा ज्या मनगटावरच्या बांगड्या वस्तीतल्या बायांनी दगडाने फोडल्या होत्या, त्याच मनगटात. मी कोपऱ्यात उभी राहून तो आवाज ऐकला होता. आता माऊस चालवत होते. माझा हात थरथरत नव्हता. याचीच मला जास्त शरम वाटते.

माय कामावरून आली. पाय धुतले, पदराने तोंड पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली. मला लॅपटॉप मिटायचा होता. उशीर झाला होता.

तिने खूप वेळ पाहिलं.

"हे कोन व्हय वं?"

तोच आवाज. बाबाच्या फ्रेमसमोरचा.

मग ती वाकली. स्क्रीनजवळ गेली. "हात त माहे हाय." स्वतःच्या मनगटावरून हात फिरवला. "याच्यात बांगड्या कोनं भरल्या?"

मी काय सांगणार होते? मी भरल्या, माय. तुझ्या पोरीने. तुझं तोंड काढून.

तिने विचारलं आणि चुलीकडे गेली. रागावलीसुद्धा नाही. मी ती फाइल पुसून टाकली. मुळापासून. खूप रडले. मग भिंतीवरच्या बाबाकडे पाहिलं, त्या परक्या कोटाकडे, आणि माय त्याच्याशी का बोलत नाही ते मला एवढ्या वर्षांनी कळलं. तिला डिझाइन कळत नव्हतं असं नाही. मला माणूस कळत नव्हता.

सकाळी ओसरीवर गेले. पोतं तिथेच होतं. खुर्ची ओढून बसायचं असं वाटभर ठरवलं होतं. ती हिंमत झाली नाही. उभी राहिले.

"मी नाही करत," मी म्हटलं. "हात पाहिजे तर तोंडही घ्या. तोंड नको तर हातही नाही."

मुलगा हसला. "अवं, फोटोच त हाय. कायले एवढी तणतण करून राह्यली?"

बापूसाहेब हसले नाहीत. "लॅपटॉप आला म्हनून लई अक्कल आली का? तुह्या मायले सांग, उद्यापासून खळ्यात येऊ नोको म्हना. अन् आमच्या धुऱ्यावरून बी जाऊ नोका."

बस, एवढंच झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खळ्यातल्या बाया खाली मान घालून हळकुंडं मोडत राहिल्या. माय मात्र उठली. सूप ठेवलं, पदर झटकला आणि माझ्याकडे न बघता घराकडे चालू लागली. धुऱ्यावरून नाही. नाल्यातून.

घरी आल्यावर तिने तोंड उघडलं. "तुले काय पडलं होतं वं? फोटोच त होता. आता कोन काम देईन मले? तुहा लॅपटॉप देईन?" मला वाटलं होतं, तिच्यासाठी मी लढले. तिच्यासाठी मी तिचं काम घालवलं होतं. दोन्ही खरं आहे. अजूनही मला त्यातलं एक निवडता येत नाही. वाट अडवायला धुऱ्यावर बाभळीच्या काटेरी फांद्या पडल्या. वस्तीतले बाकीचेही मलाच बोल लावू लागले, त्यांनाही आता नाल्यातून जावं लागत होतं.

माय शेलूबाजारहून जीपने लांबच्या शेतांत कामाला जाऊ लागली. एक दिवस बँकेच्या कामाला मीही त्याच जीपमध्ये होते. फाट्यापाशी गाडी थांबली. आणि समोर फ्लेक्स.

सूनबाई हसत होती. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, ओंजळभर हळद. 'आमच्या सुनेच्या हातची.' फोटो त्यांच्याकडे होताच, मीच पाठवलेला. दुसऱ्या कोणाकडून करून घेतला. कामही धड नव्हतं, गळ्यापाशी जोड दिसत होता. करंगळी तशीच वाकडी होती.

जीपमधली एक बाई ओरडली, "अवं, हे त तुहे हात व्हय वं!"

सगळ्या हसल्या. वाईट हेतूने नाही. नवल वाटून हसल्या.

माझ्या मायने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. चोरी करताना सापडल्यासारखे. हात तिचे. चोरून नेले त्यांनी. आणि लपवत होती ती. जीप सुटली तरी तिने ते बाहेर काढले नाहीत.

मी काहीच करू शकले नाही. फ्लेक्स फाडू शकले नाही. तक्रार कोणाकडे करू, काय म्हणून करू? हात चोरले म्हणून? तो फ्लेक्स अजून तिथेच आहे. उन्हाने सूनबाईचं तोंड फिकं पडत चाललंय.

घरी येऊन मी बाबाची फ्रेम उतरवली. कोट काढून टाकला. कार्डावरचं तोंड जसं आहे तसं मोठं केलं. फुटलं, ठिपके दिसायला लागले. तेच लावलं. मायने पाहिलं आणि पदराने काच पुसली.

कोटाची माणसं अजून येतात. मी सांगते, फोटो साफ करून देईन, फाटला असेल तर जोडून देईन. दुसऱ्याच्या अंगावर तुमचा माणूस बसवणार नाही. बरेच जण परत जातात. बापूसाहेबांच्या मुलाने तालुक्यात सांगून ठेवलंय की ती पोरगी माजली. कामं कमी झाली आहेत. माजली तर माजली.

मग माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर, अगदी पहिल्या पानावर, मायचा तो हसरा फोटो टाकायचं ठरवलं. खाली तिचं नाव, आडनावासकट. तिला विचारलं, टाकू का?

ती भाकरी थापत होती. हात थांबवले नाहीत. "टाक. काम त गेलंच."

टाकला. आता पुण्याची माणसंही आधी तो फोटो पाहतात, ते आडनाव वाचतात, मग फोन करतात. काहींचे फोन यायचे थांबले. थांबू देत. आता हा फोटो माझ्या दारावर राहणार. पडलेला दात, वाकडी करंगळी, भुंडं मनगट, सगळ्यासकट. ज्याला आमचे नुसते हात पाहिजेत, त्याने या दारात पाय ठेवू नये.