जागा भरली, असं मला सांगितलं

बाबांना जर्मन येत नव्हतं आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. स्टुटगार्टच्या त्यांच्या ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत चालायचा, आणि ऑफिसबाहेरच्या जर्मनीसाठी घरात मी होते. या देशाने बाहेरच्या कॉम्प्युटरवाल्यांना दार उघडलं त्या लाटेत आम्ही पुण्याहून आलो. मी तेव्हा पाचवी संपवून आले होते. वर्षभरात मला भाषा आली, आणि तेव्हापासून घरमालक, इन्शुरन्सवाले, व्हिसाच्या ऑफिसात खिडकीमागे बसणारी चिडकी बाई, सगळ्यांशी मीच बोलायचे. आईच्या बायकी तक्रारीसुद्धा डॉक्टरला मीच सांगितल्यात, त्या वयात मला त्या ऐकायलाही नको वाटायच्या. पण मी मनातून फुशारलेली असायचे. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, असं मला वाटायचं.

हे मी मराठीत लिहिते आहे, ते आईबाबांना वाचता यावं म्हणून. मधे कुणी समजावून सांगणारं नको आहे.

आले तेव्हा भाषा नव्हती, म्हणून मला रेआलशूलेत घातलं. ही शाळा दहावीला संपते. त्यानंतर मुलं बहुतेक एखादं काम शिकायला जातात, आणि ज्यांना युनिव्हर्सिटीत जायचंय ती आणखी तीन वर्षं दुसऱ्या शाळेत काढतात. बाबांच्या ऑफिसमधल्या बाकीच्या मराठी लोकांची मुलं थेट युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या शाळेत होती. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी माझी शाळा विचारली, की आई घाईघाईने सांगायची, "सध्या तिथे आहे, पुढे बदलणार आहोत." हे 'सध्या' पाच वर्षं चाललं.

नववीत शाळेने आम्हाला दोन आठवडे कुठेतरी काम बघायला पाठवलं. सगळ्यांना पाठवतात. माझ्या मैत्रिणी केशकर्तनालयात आणि बालवाडीत गेल्या. मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही, म्हणून मी आमच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या दातांच्या लॅबमध्ये गेले. दात म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर माप पाठवतो, आणि त्या मापावरून कवळी, कॅप, ब्रिज बनवणारी ही माणसं. चार टेबलं, भट्टी आणि सगळीकडे प्लॅस्टरची भुकटी. मालकीण पन्नाशीची, माइस्टरिन, म्हणजे या कामातली उस्ताद, म्हणायचे तिला. तिने पहिल्या दिवशी मला झाडायला लावलं, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टर कालवायला, आणि तिसऱ्या दिवशी मेणाचा एक ठोकळा नि छोटी सुरी हातात देऊन म्हणाली, "यातून दाढ काढ."

दाढेला एवढ्या डोंगरदऱ्या असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी दिवसभर कोरत बसले. जेवायला उठायचं विसरले. शाळेत मी सारखी घड्याळ बघणारी मुलगी, आणि इथे दुपार कधी झाली ते कळलं नाही. संध्याकाळी तिने ती दाढ दिव्याखाली धरून फिरवली, एका कडेवर नख टेकवलं आणि म्हणाली, "इथे अजून थोडं." बाकी काही नाही. त्या भागातली माणसं कौतुकाच्या बाबतीत चिक्कूच. पण दोन आठवडे संपल्यावर ती म्हणाली, सुट्टीत हवं तर ये. मी प्रत्येक सुट्टीत गेले. घरी यायचे तेव्हा कपडे पांढरे झालेले असायचे, आणि आई म्हणायची, "गिरणीतून दळण आणलंस का?" मजेतच म्हणायची तेव्हा.

दहावीच्या ख्रिसमसच्या सुट्टीत माइस्टरिन म्हणाली, "सप्टेंबरपासून शिकाऊ म्हणून माझ्याकडे एक जागा आहे. तुला हवी असेल तर आईवडिलांना घेऊन ये. तू लहान आहेस, सही त्यांची लागेल." मी टेकडी चढून घरी पळत गेले.

बाबा सोफ्यावर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आयटीआयच की नाही हे?"

मी समजावलं. साडेतीन वर्षं, आठवड्यात थोडे दिवस शाळा, बाकी काम, पगार मिळतो, नंतर माइस्टरची परीक्षा देऊन स्वतःची लॅब काढता येते.

"दातांचं एवढं वेड असेल तर डेंटिस्ट हो ना," बाबा म्हणाले. "डेंटिस्ट तुला ऑर्डर देणार आणि तू बनवणार? आपण पुणं सोडून इतक्या लांब कशाला आलो मग?"

"अहो, हळू बोला," आई म्हणाली. तिची चिंता शेजाऱ्यांची होती. शेजाऱ्यांना मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं.

पुढचे काही आठवडे घरात धुसफूस होती. माझ्या बाजूचं एकच माणूस होतं, मावशी. सख्खी नव्हे, आईची मैत्रीण. मावशी डॉक्टरेट करायला आलेली, इथेच नोकरीला लागलेली, आणि तिचं जर्मन इतकं सुरेख की फोनवर लोकांना ती इथलीच वाटायची. मी तिला लॅबमध्ये बनवलेली दाढ दाखवली होती. ती खरंच हरखली होती, का हरखल्यासारखं करत होती, ते आता मला सांगता येत नाही. "तू काळजी करू नकोस गं," ती म्हणाली. "मी बोलते तुझ्या बाबांशी. त्यांना इथलं काही माहीत नाही ना, म्हणून घाबरतात."

एका रविवारी ती आली, आईबाबांशी दार लावून बोलली, आणि बाहेर येऊन तिने माझ्या गालावर हात फिरवला. जेवताना बाबा म्हणाले, "ठीक आहे. करू सही. त्या लॅबवाल्या बाईंची वेळ घेऊ." मी ताटावरून उठून त्यांच्या गळ्यात पडले. बाबा अवघडले. मला वाटलं, त्यांना असं लाडात आलेलं आवडत नाही म्हणून अवघडले.

वसंतात आमच्या वर्गाची सहल ल्युबेकला गेली, आठवडाभर. तिथलं मार्झिपान, बदामाची मिठाई, प्रसिद्ध. मी माइस्टरिनसाठी एक डबा घेतला. परत आले तेव्हा मावशी घरीच होती, आणि आईने माझ्या आवडीचं सगळं केलेलं. भरली वांगी, मसालेभात, वर शिरा. मी विचारलं, आज काय आहे? मग मावशीने माझा हात धरला.

"अगं, लॅबमधून फोन आला होता. मी इथेच होते म्हणून मी घेतला. ती जागा भरली म्हणे. दुसरी मुलगी मिळाली त्यांना."

मी म्हटलं, असं कसं होईल, तिने मला स्वतः सांगितलंय. मी आत्ता जाऊन विचारते.

"नको," मावशी म्हणाली. "इथे असं चालत नाही, राणी. एकदा नाही म्हटल्यावर परत जाऊन विचारणं फार वाईट दिसतं. त्यांना अवघड होतं. तुझाच मान जाईल."

इथे काय चालतं आणि काय नाही, हे मावशीला माझ्यापेक्षा जास्त माहीत, याबद्दल मला शंका नव्हती. मी गेले नाही. खोलीत जाऊन रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली, आणि तीही रडली. ते रडणं मला अजून समजलेलं नाही. मार्झिपानचा डबा आईने जाताना मावशीच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या लॅबमध्ये अर्ज करायचं माझ्या मनातही आलं नाही. जिने माझे हात पाहिले होते तिलाच मी नको, तर ज्यांनी पाहिले नाहीत ते कशाला घेतील? बाबांनी तांत्रिक विषयांच्या शाळेत माझं नाव घातलं, तीन वर्षांनी आबिटुर, म्हणजे आपली बारावी. मी मुकाट्याने गेले. अभ्यास वाईट नव्हता. प्रोग्रॅमिंग जमायचं. पण काही हाताने करायचं असेल, चित्र, शिवण, आईला करंज्यांना मुरड घालायला मदत, मी हात मागे घ्यायचे. "तूच घाल, माझी नीट होत नाही," म्हणायचे. लॅब टेकडीच्या पायथ्याशी, एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या स्टेशनच्या वाटेवरच. मी तीन वर्षं लांबच्या जिन्याने उतरले. पावसात, बर्फात, तो जिना वापरला.

मावशी यायची अधूनमधून. परीक्षेला शुभेच्छा द्यायची. आबिटुर झालं तेव्हा तिने मला पेन दिलं. बाबांनी पेढे मागवून ऑफिसात वाटले. ऑक्टोबरपासून मी युनिव्हर्सिटीत इन्फॉर्माटिक, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, शिकणार होते, आणि आईला आता गणपतीच्या कार्यक्रमात काही घाईघाईने सांगावं लागणार नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात एका शनिवारी मी बेकरीत रांगेत उभी होते. पुढची बाई ब्रेड घेऊन वळली, आणि ती माइस्टरिन होती. पळायला जागा नव्हती.

तिने मला ओळखलं. पूर्वी मला 'तू' म्हणणारी, आता मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलली. "तुम्ही! कशा आहात? मग, मिळाली का डेंटिस्ट्रीला सीट?"

मी म्हटलं, कुठली डेंटिस्ट्री?

तिच्या कपाळाला आठी पडली. बेकरीवाली माझ्याकडे बघत होती, मी तिला हाताने थांब म्हटलं. माइस्टरिन मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे आईवडील आले होते ना. आणि बरोबर त्या बाई, छान जर्मन बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, तुम्हाला डेंटिस्ट व्हायचंय, पण मला सांगायचा तुम्हाला संकोच वाटतो."

"मी सहलीला गेले होते," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

"मी म्हटलं होतं, मुलीनेच येऊन सांगावं. त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे असं नसतं, हे मोठी माणसं येऊन सांगतात. आता तुमच्या रीतीत मी काय बोलणार?" मग ती म्हणाली, "मला वाईट वाटलं होतं, खरं सांगते. तुम्ही एकदा तरी दारात डोकावाल असं वाटलं होतं. सप्टेंबरपर्यंत ती जागा मी कुणाला दिली नव्हती."

मी तिला काय सांगितलं ते आठवत नाही. काहीतरी सांगितलं असेन. माझी मान तिच्यासमोर खाली होती, आणि ती खाली असायचं काही कारण नव्हतं, हे मला तिथेच, रांगेत पुन्हा उभी राहिल्यावर कळलं. मला इकडची रीत सांगून अडवलं. तिला तिकडची सांगून गप्प केलं. दोन्ही रिती एकाच बाईच्या तोंडून आल्या. माझा आवाज घरात सगळ्या कामांना चालत होता, आणि माझ्या एकट्या कामासाठी त्यांनी दुसऱ्याचा आवाज आणला.

घरी आले तेव्हा आई भाजी निवडत होती आणि बाबा लॅपटॉपवर क्रिकेट बघत होते. मी ब्रेड ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही लॅबमध्ये गेला होतात?"

आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. बाबांनी आवाज बंद केला. ते नाकारतील असं मला वाटलं होतं, आणि नाकारलं असतं तर बरं, असंही वाटत होतं.

"गेलो होतो," बाबा म्हणाले. "तू सोळा वर्षांची होतीस. तेव्हा काय कळत होतं तुला?"

"मावशीने फक्त भाषांतर केलं गं," आई म्हणाली. "तिच्यावर चिडू नकोस."

"फोन आलाच नव्हता. तो कुणाचं भाषांतर होता?"

मी बाबांना म्हटलं, "तुमच्या सहीशिवाय काही होणारच नव्हतं. सही करत नाही, एवढं तोंडावर म्हणायचं होतं. एक 'नाही' पुरलं असतं."

"नाही म्हटलं असतं तर तू आयुष्यभर आमच्यावर डूख धरून बसली असतीस."

"मग मी स्वतःवर धरून बसले ते चाललं तुम्हाला?"

बाबा चिडतील असं वाटलं, पण ते चिडले नाहीत. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, मी लहान असताना गणिताच्या पेपरनंतर रडायचे तेव्हा बोलायचे तसं, "आम्हाला वाटलं, विसरशील. मुलं एखाद्या परीक्षेत नापास होतात, चार दिवस रडतात, विसरतात."

"मी नापास झाले नव्हते, बाबा."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "ती बाई तर तुझं किती कौतुक करत होती. अशी मुलगी मला आजवर मिळाली नाही म्हणाली, असे हात शिकवून येत नाहीत म्हणाली. मावशीने आम्हाला सगळं मराठीत नीट समजावून सांगितलं होतं."