आत्याची जीभ आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

आमची आत्या कारखान्याच्या कॅन्टीनमधली मुख्य स्वयंपाकीण. तीनशे माणसांचं जेवण, सहा पातेली. प्रत्येकातला थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा आणि चाटायचा, ही तिची पद्धत. मापांवर तिचा काडीचा विश्वास नाही.

वर्षभर पोटातली जळजळ ती अंगावर काढत होती. मी हात धुऊन मागे लागलो, तेव्हा कुठे दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाली. उपाशीपोटी या, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं. तर त्या सकाळी बाईसाहेब ‘नुसतं डोकावून येते’ म्हणून आधी कॅन्टीनमध्ये!

“काही खाल्लंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे! पाण्याचा थेंब नाही.”

मी तिचा डावा हात उलटा केला. तळव्यावर रश्शाचा ताजा डाग. सहाही पातेली चाखून आली होती आणि तिला पत्ताच नव्हता. तपासणी न करताच आमची परत पाठवणी झाली. पुढच्या खेपेला कॅन्टीनच्या बायकांनी तिला दारातूनच पिटाळलं.

जठरात चार लहान गाठी निघाल्या, पॉलिप. तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण जंतू सापडले.

“या जंतूंमुळे आतलं अस्तर सुजलंय, त्यातूनच या गाठी वाढल्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चौदा दिवस गोळ्या घ्या, एकही चुकवू नका. जंतू मेले की अशा गाठी बऱ्याचदा विरतात. नाही विरल्या, तर काढाव्या लागतील.”

“फुकटे भाडेकरू मेले!” आत्या हसली. मीही हसलो. पण रिपोर्ट पर्समध्ये ठेवताना तिला चेन लावता येईना. शेवटी मी लावली.

गोळ्यांनी तिचं तोंड कडूजहर झालं. मीठही कळेना, आंबटही कळेना. सहाव्या दिवशी तिने जाहीर केलं, “बास झाल्या गोळ्या! चव कळत नसेल तर मी तिथे काय माशा मारू?”

मी हातापाया पडलो, उपयोग शून्य. मग कॅन्टीनच्या बायकाच घरी आल्या. “ताई, आम्ही बघतो मिठाचं. तुम्ही गोळ्या संपवा.”

त्यांनी बघितलं ते असं की एक पातेलं खारट, दुसरं अळणी. तीनशे माणसांनी हूं की चूं केलं नाही. एका फिटरने तर ‘वा!’ म्हणून पुन्हा वाढून घेतलं. “खोटारडा मेला!” आत्या म्हणाली आणि सातव्या दिवसाची गोळी तिने पाण्याबरोबर गिळली.

चौदा दिवस पुरे झाले. पुढच्या तपासणीत जंतू गेल्याचं कळलं. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. चारही गाठी गायब! आत्याने डॉक्टरीणबाईंकडून ते तीनदा वदवून घेतलं. मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

बाहेर आल्यावर तिने माझा दंड घट्ट धरला.

“फार घाबरले होते रे मी. तुला कळू दिलं नाही.”

“मला कुठे काय कळलं?” मी म्हणालो.