काळं घमेलं

"तोंड उघड. जीभ वर कर. आता भर चूळ."

सुपरवायझर मॅडम रोज हेच म्हणायच्या. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत सुक्या मेव्याचं पॅकिंग चालतं. कॉलेज सुटलं की मी तिथे कामाला जायचे. शिफ्ट संपली की आम्ही बायका दाराशी रांगेत उभ्या राहायचो. तिथे प्लास्टिकचं घमेलं ठेवलेलं असायचं. एकेकीने चूळ भरून त्यात टाकायची. मॅडम वाकून बघायच्या, काजूचा कण दिसतोय का. घमेलं काळं, कारण काजू पांढरा.

ऑफिसातल्या लोकांना हे नव्हतं. ते सरळ निघून जायचे. आमच्याकडे न बघता. किंवा बघत.

गुडघे जाईपर्यंत माझी आईही तिथेच कामाला होती. "चूळ टाकायची नि घरी यायचं. त्यात काय एवढं?" ती म्हणायची. म्हणताना माझ्याकडे बघायची नाही.

आम्ही युनियन केली. शेठनी तिला मान्यता द्यावी, एकेकीला केबिनमध्ये बोलावून दम देण्याऐवजी युनियनशी बोलावं, एवढंच म्हणणं होतं. कॉलेजात जाणारी मी एकटीच, म्हणून मागण्या मी लिहिल्या. पगार, सुट्टी, संडास. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या शमीमआपा. त्यांनी विचारलं, "घमेल्याचं लिहिलंस?"

"ते कसं लिहायचं, आपा? लोक वाचतील."

आपांनी कागदाची घडी करून माझ्या हातात ठेवली.

शेठनी आम्हा दोघींना बोलावलं. केबिनमध्ये एसी होता. टेबलावर भाजलेल्या काजूंची बशी.

"घ्या ना. तुमच्याच हातचे आहेत."

आपांनी हात मांडीवरच ठेवले. मी एक घेतला. समोरच्याने दिलेलं नाकारू नये, असं मला घरी शिकवलंय. खाल्ला, आणि घाबरत म्हटलं, "शेठ, आमच्या युनियनला..."

"युनियन? अहो, आपण घरची माणसं. घरात कोणी युनियन काढतं का? बघू."

संपली बोलणी.

बाहेर आलो तोवर शिफ्ट सुटली होती. रांगेत माझा नंबर आला. मी चूळ टाकली आणि काळ्यावर पांढरे कण दिसले.

"हे काय?" मॅडम ओरडल्या.

"शेठनी दिला होता."

"हो ना! शेठ तुला भरवत बसले होते!"

मागे सगळ्या बायका. तेवढ्यात गाडीची किल्ली फिरवत शेठच बाहेर आले. त्यांनी घमेल्यात डोकावून पाहिलं आणि हसले. "सोडा हो त्यांना. मीच दिला होता. पुढारी आहेत त्या!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, मी हो म्हटलं म्हणून सुटलीस. तुमच्या मान्यतेचंही तसंच आहे."

मॅडम हसल्या. रांगेतल्या एकदोघी हसल्या. आणि मीही हसले. आजही ते आठवलं की अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं वाटतं. माझीच थुंकी समोर तरंगत होती आणि मी हसत होते.

"आता स्वच्छ चूळ भर आणि जा," मॅडमनी ग्लास पुढे केला.

मी तो घेतला. पाणी मी जमिनीवर ओतलं.

"नाही भरणार."

"काय म्हणालीस?"

"चूळ. आजपासून नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाले. आता ते हसत नव्हते.

माझ्या मागे आपा होत्या. त्यांनी ग्लास घेतलाच नाही. आणखी काहीजणी त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी मान खाली घालून चूळ भरली. त्यांच्यावर माझा राग नाही. कालपर्यंत मीही भरतच होते.

दुसऱ्या दिवशी मला गेटवरच अडवलं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून मी मागण्या पुन्हा लिहिल्या. मान्यतेच्या खालोखाल आता घमेलं आहे. गेटसभेत ते मीच मोठ्याने वाचते. येणारे-जाणारे थांबून ऐकतात. एकदा माझ्या वर्गातली मुलंही थांबली होती. कान तापले, आवाज चिरकला. तरी शेवटपर्यंत वाचलं.

मान्यता अजून मिळालेली नाही. मला कामावरही घेतलेलं नाही.

शेठ पुन्हा बोलावतील. मी आपांबरोबर जाईन, खुर्चीवर बसेन. बशीला हात लावणार नाही. आणि मान्यता लेखी मिळेपर्यंत त्या खुर्चीवरून उठणार नाही.