झाकून ठेवलेलं ताट

आम्हा मेथॉडिस्ट लोकांचं एक आहे. रिकाम्या पोटी आम्हाला उपदेश ऐकवत नाही आणि भरल्या पोटी झोप आवरत नाही. म्हणून गेल्या वर्षी चंद्रपूरला तीन दिवसांचं संमेलन भरलं तेव्हा आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांनी मधला मार्ग काढला. जेवता जेवताच शिकायचं. नाश्ता असो की जेवण, दर पंगतीला एकानं उभं राहून मिशन आणि सेवाकार्यावर पंधरा मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी घास घेत ऐकायचं. बोलणाऱ्याचं ताट मात्र आधीच वाढून त्यावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायचं, म्हणजे त्या बिचाऱ्यावर गार जेवायची पाळी येऊ नये.

दुसऱ्या दिवशीचं दुपारचं ताट माझं होतं. मी राजुऱ्याला शाळेत शिकवते आणि आमच्या महिला समाजाची सेक्रेटरी आहे. विषय मिळाला होता, ‘जंगलातल्या गावांत सेवा’. एवढ्या लोकांसमोर बोलायला मिळणार म्हणून मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? खोटं मी नंतर बोलले.

त्याचं मूळ त्याच्या आदल्या वर्षातलं. महिला समाजाच्या आम्ही चौघी थंडीत ब्लँकेटं वाटायला आरमोरीच्या पलीकडं, जंगलातल्या एका गावात गेलो होतो. परतताना जीप बंद पडली आणि दोन दिवस आमचा मुक्काम एका विधवा बाईच्या घरी पडला. गावात ख्रिस्ती घर तिचं एकटीचंच. बाकीची घरं गोंडांची, आपापले देव मानणारी. मावशीला त्याचं काही नव्हतं आणि त्यांनाही मावशीचं काही नव्हतं. मी तिला मावशी म्हणते, कारण वयानं ती माझ्याहून बरीच मोठी आहे. बाकी सगळ्या बाबतीत मोठी आहे, हे मला उशिरा कळलं.

समोरच्या घरात लकवा झालेली एक म्हातारी होती. मुलगा-सून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले. मावशी रोज सकाळी चुलीवर पाणी तापवायची, म्हातारीला आंघोळ घालायची, केस विंचरायची आणि पेज पाजायची. तिच्या कमरेला कायम एक लाकडी फणी खोचलेली असायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली, “बाई, जरा इकडून धरता काय?” मी दारात नाकाला पदर लावून उभी होते. कंबर दुखते म्हणाले. माझी कंबर आजही ठणठणीत आहे.

त्याच दिवशी तांदूळ निवडता निवडता तिनं मला तिची अडचण सांगितली. म्हातारीला मोठ्या दवाखान्यात नेलं की मावशीला वॉर्डात थांबू देत नव्हते. “विचारतेत, तू कोण तिची? नातेवाईक तर मी नाई. अन् तिची गोंडी तिथी कोणाले समजत नाई. ती पाहून राह्यते नुस्ती दरवाज्याकडं.” मी लगेच उपाय काढला. संमेलनात तुला बायबलबाई नेमून घेऊ, म्हटलं. म्हणजे गावोगाव फिरून आजाऱ्यांची विचारपूस करणारी, प्रार्थना करणारी आमची बाई. शिक्क्याचं पत्र मिळतं. ते दाखवून दुसऱ्या तालुक्यातली आमची बायबलबाई वॉर्डात बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मावशीचा अर्ज मीच लिहिला आणि तिचा अंगठा मीच घेतला. पुढच्या संमेलनाला तिला स्वतः बसमध्ये बसवून घेऊनही गेले.

तर त्या दुपारी पंगत बसली. भात, लाखोळीचं वरण, वांग्याचा रस्सा, जवसाची चटणी. मावशी पाहुणी होती, पण तिला बसवेल कोण? पदर खोचून ती भात वाढत फिरत होती. माझं ताट तिनंच वाढलं आणि तिनंच झाकलं.

सकाळच्या नाश्त्याला गडचांदूरचे एक भाऊ सिमेंटच्या कामगारांमधल्या सेवेवर बोलले होते आणि लोकांनी पोहे तसेच ठेवून डोळे पुसले होते. ते माझ्या डोक्यात बसलेलं. मी बोलायला लागले तर माझ्याकडं कोणी बघेना. कोणी रस्सा मागतंय, कोणी वरणात लिंबू पिळतंय. मी मावशीचं नाव न घेता सांगत होते की गावातली एक बहीण अशी अशी सेवा करते. हात काही थांबेनात. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “मी स्वतः त्या म्हातारीला आंघोळ घातली.”

हात थांबले.

मग मला आवरता आलं नाही. मी म्हातारीचे केस विंचरले. मी पेज पाजली. हे काम आमच्या महिला समाजानं सुरू केलं आणि आता आमच्या सांगण्यावरून त्या गावची ती बहीण ते चालवते. फणीसुद्धा मी माझ्या कमरेला खोचली. बोलून झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बाया रडत होत्या आणि मला, लाज वाटायला हवी तिथं, बरं वाटत होतं.

साहेबांना ठाऊक होतं की ती गावची बाई आलेली आहे. त्यांनी भाताची परात घेऊन उभ्या असलेल्या मावशीला तिथंच विचारलं, “काय बाई, असंच आहे ना?”

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या झाकलेल्या ताटाकडं पाहिलं. “हो,” ती म्हणाली, “बाई सांगते तसंच हाये.” आणि येऊन तिनं माझ्या ताटावरचं ताट उचललं. भात अजून गरम होता. मी खाली मान घालून सगळा खाल्ला.

जेवणानंतर शाळेच्या खोलीत कमिटी बसली. मीही तिच्यात होते. मावशी व्हरांड्यात बसून राहिली. तिचा अर्ज निघाला तेव्हा एक वडीलधारे भाऊ म्हणाले, आताच तर आपण ऐकलं, त्या गावचं काम महिला समाज करून राह्यला. मग वेगळी बायबलबाई काऊन पाहिजे? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एक वाक्य पुरेसं होतं. भाऊ, मी खोटं बोलले. चार शब्द. मी म्हणाले, “साहेबांना योग्य वाटेल तसं करा.” अर्ज बाजूला गेला. वर महिला समाजाच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि त्याला मीच हात वर केला.

संध्याकाळी नळावर मावशी परात घासत होती. मी जाऊन विचारलं, “मावशी, तू हो काऊन म्हटलं?” प्रश्न माझा आणि आवाजही माझाच चढलेला. चोर मी आणि फणकारा माझा.

तिनं हात थांबवले नाहीत. “तुमचं ताट वाढलेलं होतं ना बाई. वाढल्या ताटावरून माणूस उठवत नाई आमच्याकडं. मोठी चूक असली तरी जेवू देतेत, हात धुऊ देतेत, मग बोलतेत. मले वाटलं, जेवण झाल्यावर तुमी सांगान.”

मला अजून एक दिवस होता. तिसऱ्या दिवशी संमेलन उठेपर्यंत मी कितीदा तरी साहेबांच्या खोलीकडं गेले आणि दरवेळी कोणी तरी माझं भाषण छान झालं म्हणून अडवलं. मी अडून राहिले. मला अडायचंच होतं. मावशीला बसमध्ये बसवताना मी तिच्या हातात राहिलेल्या शंकरपाळ्यांची पुडी दिली. पत्राऐवजी शंकरपाळे!

नंतरचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. शाळा, पेपर, समाजाच्या सभा. दर रविवारी पापांची कबुली देण्याची प्रार्थना सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचे; सगळ्यांबरोबर म्हटलं की आपलं वेगळं सांगावं लागत नाही. शाळेच्या डब्याचं झाकण उघडताना हात मात्र अडखळायचा.

यंदा पुन्हा तसंच संमेलन, तशीच पंगत. बोलणारे एक पाळकसाहेब तापानं आले नाहीत, तर मी स्वतः उभी राहिले. माझं ताट वाढू नका, म्हणून आधीच सांगितलं. आणि सगळं सांगितलं: आंघोळ कोणी घातली, पदर कोणी नाकाला लावला, कमिटीत कोण गप्प बसलं. मला वाटलं होतं लोक तोंड फिरवतील. उलट टाळ्या पडल्या. एक बाई गळ्यात पडून म्हणाल्या, “केवढा नम्रपणा हो तुमचा!” असं वाटलं की जमिनीनं पोटात घ्यावं. खरं बोलले तरी ताट माझंच भरलं होतं.

पत्र मात्र मिळालं. साहेबांनी त्याच दिवशी सही-शिक्का करून दिला. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट मावशीचं गाव गाठलं. समोरच्या घराचं दार बाहेरून लावलेलं होतं. मुलगा-सून मिरचीला गेले असतील, म्हातारीला ऊन खायला कुठं नेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मावशीनं पत्र दोन्ही हातांनी घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि बायबलमध्ये ठेवलं. “बसा बाई, जेवून घ्या पहिले.” मी बसले. भूक लागली होती. एवढं मोठं ओझं उतरवून आले होते ना! भात नव्या धानाचा होता, सोबत वालाच्या शेंगांची भाजी. मी जेवता जेवता संमेलनाचं सांगत होते, टाळ्यांचंही सांगितलं. मावशी समोर बसून हूं हूं करत वाढत होती.

माझं जेवण झालं. तिनं तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं, हात पुसायला स्वतःचा पदर दिला. मी हात पुसून होईपर्यंत थांबली.

“आता सांगते बाई,” ती म्हणाली. “पावसाळ्यात गेली ती. पोरगा तवाबी बाहेरगावी कामालेच होता, फोन लागला नाई. दवाखान्यात मीच नेली. मले आत नाई जाऊ देलं, त्यायचा नियम हाये. दोन दिवस मी बाहेर पायऱ्यावर बसून होती, फणी घेऊन. तिसऱ्या दिवशी आणली बाहेर, तवा केस विंचरले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं माझं खरकटं ताट उचललं आणि मोरीकडं गेली.

मी भात दोनदा मागून घेतला होता.